अजिंठ्याचे वाचन : साचा आणि साक्ष

मराठी समीक्षेत ‘नवी दृष्टी’ हा शब्दप्रयोग बहुधा प्रतिभेच्या संदर्भात केला जातो. ज्ञानव्यवहारात अशी दृष्टी म्हणजे पूर्वज्ञानाची पाटी कोरी करणे, असा एक समज त्यामागे असतो. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्यातील अजिंठ्याच्या अभ्यासाचा इतिहास हा समज तपासून पाहण्यास उपयुक्त आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. त्यानंतर ती जितकी पाहिली गेली, तितकीच वाचलीही गेली.

पहिल्या लेण्यातील एका दरबारचित्रात परदेशी वेशातील माणसे दिसतात. जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये या चित्राची सांगड चालुक्य राजा दुसरा पुलकेशी व इराणचा दुसरा खुस्रो यांच्यातील राजनैतिक संबंधाशी घातली. बौद्ध विहारातील चित्र असे राजदरबाराचा दस्तऐवज ठरले आणि लेण्याचा काळ सातव्या शतकाकडे ओढला गेला. चित्रावरून काळ आणि काळावरून चित्राचा अर्थ, असे हे वर्तुळ होते. पुढे डीटर श्लिंगलॉफ व वॉल्टर स्पिंक यांनी हे चित्र महासुदर्शन राजाच्या बौद्ध कथेचे असल्याचे दाखविले. तरीही ‘इराणी वकिलात’ हे नाव मागे रेंगाळलेच.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला अधिक बोधप्रद ठरावे असे उदाहरण सोळाव्या लेण्यातील शिलालेखाचे आहे. वाकाटक नृपती हरिषेण याचा सचिव वराहदेव याच्या या लेखात राजवंशावळी आहे. पण अक्षरे ठिकठिकाणी झिजलेली आहेत. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्यूलर यांच्या वाचनात प्रवरसेनानंतरचे नाव ‘रुद्रसेन’ असे लावले गेले. रुद्रसेन हा राजा अन्य ताम्रपटांतून आधीच परिचित होता. झिजलेल्या दगडावर परिचित नाव उमटले. १९३९ मध्ये वाशीमचा ताम्रपट उजेडात आला आणि त्यात प्रवरसेनाचा पुत्र म्हणून सर्वसेनाचे नाव मिळाले. वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला, तेव्हा तेथेही ‘सर्वसेन’ हाच पाठ निश्चित झाला. वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथील वाकाटकांची स्वतंत्र शाखा इतिहासात आली ती अशी.

यात पणाला लागले होते ते केवळ एका राजाचे नाव नव्हते. आनंदवर्धनाने उल्लेखिलेल्या ‘हरिविजय’ या आज अनुपलब्ध असलेल्या प्राकृत काव्याचा कर्ता सर्वसेन हाच, असे मिराशींनी प्रतिपादन केले. एका चुकीच्या पाठाने महाराष्ट्री प्राकृताचा एक कवी आपल्या भूमीवरूनच अदृश्य केला होता. मात्र मिराशींची नजरही निर्विकल्प नव्हती. ताम्रपटाने दिलेले नाव मनात असल्यामुळेच त्यांना ती अक्षरे दिसू शकली. जुना साचा मोडला तो दुसऱ्या साक्षीने. आणि त्या साक्षीलाही दगडावरील अक्षरांची कसोटी द्यावी लागली.

स्पिंक यांनी हीच शिस्त वास्तुशिल्पाला लावली. शैलीच्या संथ उत्क्रांतीचे गृहीतक बाजूला ठेवून त्यांनी कोठड्यांच्या दारांच्या खाचा, त्यांची झीज, दिव्यांची काजळी आणि अर्धवट सोडलेले खोदकाम यांची नोंद केली. उत्तरकालीन लेण्यांचे मुख्य काम सुमारे ४६२ ते ४८० या अल्पावधीत झाले, हा त्यांचा निष्कर्ष. परंतु हरिषेणोत्तर पडझडीचे चित्र रेखाटताना त्यांनी दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील विश्रुताच्या कथेचा आधार घेतला. त्या कथेत वाकाटकांच्या अस्ताचे पडसाद आहेत, ही कल्पना मिराशींची. दारांच्या खाचा वाचणारा संशोधक येथे आख्यानाच्या साच्यात शिरला. त्यांचा वर्षावर्षाचा कालक्रम अनेक अभ्यासकांना मान्य नाही, तो या तपशिलाच्या अतिनिश्चितीमुळेही.

लेण्यांना दिलेले क्रमांक प्रवेशाच्या बाजूने सुरू होतात. त्यामुळे सर्वांत जुन्या लेण्यांपैकी असलेले दहावे लेणे प्रेक्षकाला पहिल्या लेण्यानंतर भेटते, आणि ‘पहिले’ लेणे मात्र कित्येक शतके उत्तरकालीन आहे. वाङ्मयेतिहासातील कालखंडांची नावेही अशीच वाटेच्या सोयीसाठी दिलेली असतात. पुढे तीच घडणीचा क्रम मानली जातात. पूर्वसंकल्पनांवाचून वाचन संभवत नाही. प्रश्न एवढाच उरतो, की साच्यात न बसणाऱ्या अक्षराला साचा मोडण्याचा अधिकार आपले वाचन देते की नाही.