जुन्या फ्रेमवर रेसिंग सायकल जोडताय? आधी फटी मोजा

नांदेड/लातूर : जुनी फ्रेम एकाकडून, चाकं दुसऱ्याकडून, गिअर ऑनलाइन मागवून रेसिंग सायकल घरीच जोडायची हौस आता तालुक्याच्या गावांतही आली आहे. नव्या सायकलपेक्षा पैसे कमी लागतात हे खरं, पण प्रत्येक भाग चांगला असला तरी ते एकमेकांत बसतीलच असं नाही. म्हणून रंग, केबल, टेप या गोष्टी शेवटी ठेवाव्यात. आधी सगळं कच्चं जोडून फटी बघाव्यात. फट मोजायला एलन की पुरते. तिचा नंबर म्हणजेच मिलिमीटर.

सुरुवात चाकापासून. रेसिंग टायरवर २५-६२२ किंवा २८-६२२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास. आपल्या काळ्या सायकलचं २८ इंची चाक ६३५ चं असतं. दिसायला सारखंच, पण एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. रिम रुंद असेल तर टायर छापील आकड्यापेक्षा जास्त फुगतो, त्यामुळे पूर्ण हवा भरून, एक रात्र ठेवून मगच मोजावं. चिमट्याच्या वरच्या टोकाखाली, ब्रेकखाली, सीटच्या उभ्या नळीमागे आणि मागच्या दोन आडव्या नळ्यांमध्ये, अशा चारही ठिकाणी बघावं.

डांबरी रस्त्यासाठी ४ मिमी फट चालते. नांदेड-लोहा-अहमदपूर-लातूर महामार्गावर तेवढ्यात भागेल. पण घरापासून महामार्गापर्यंतचा रस्ता काळ्या मातीचा असेल तर पावसाळ्यात ४ मिमी म्हणजे काहीच नाही. चिखल ब्रेकखाली थापला जातो आणि चाक अडतं. पुढचं चाक अचानक अडलं तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. अशा ठिकाणी ६ मिमीच्या वर जागा ठेवा, नाहीतर बारीक टायर घ्या.

मागच्या हबची रुंदीही जुळली पाहिजे. जुन्या सहा-सात गिअरच्या रेसिंग फ्रेममध्ये १२६ मिमी जागा असते, नंतरच्यांत १३०. लोखंडी फ्रेम जाणकार मिस्त्री थोडी फाकवू शकतो. ॲल्युमिनियम आणि कार्बनला मात्र हात लावू नये, तडा जातो.

चेन सगळ्यात लहान चक्रीवर टाकून चाक फिरवा. चेन फ्रेमला घासत असेल तर हबचा स्पेसर बदलावा लागतो. पुढे चेन व्हील आणि क्रँक आडव्या नळीपासून किती लांब आहेत बघा. चेन व्हीलला निदान २ मिमी हवेत, कारण जोर लावला की फ्रेम थोडी लवते. कमी पडत असतील तर बीबीचा एक्सल लांब घ्यावा; ११०, ११३, ११८ अशा मापांत मिळतो. मात्र एक्सल बदलला की चेनची रेषाही सरकते, तीही परत बघावी लागते.

सर्वात महागात पडणारी चूक मागच्या गिअरची. त्यावर एच आणि एल असे दोन स्क्रू असतात. एल सैल राहिला तर चढावर मोठ्या चक्रीवर जाताना गिअर थेट आऱ्यांत घुसतो. गिअर, चाक, कधीकधी फ्रेमचा कानही एका झटक्यात जातो. पहिल्यांदा गिअर बदलताना चाक हातानेच फिरवावं.

फ्रेम लहान असेल तर पायडल पुढे आणून हँडल वळवा. बुटाचं टोक चाकाला लागतंय का, तेही बसून बघा.