परागकणांची गोळी आणि पुराव्याचा प्रश्न

मधमाशीच्या मागच्या पायांवर चिकटलेली पिवळी गोळी आपण सर्वांनी पाहिली असेल. हेच परागकण वाळवून आज माणसांसाठी आणि कुत्र्या-मांजरांसाठीही पूरक आहार म्हणून विकले जातात. ते घ्यावेत की नाही, हे डॉक्टरांनी सांगावं. आम्ही तत्त्वज्ञान शिकवत आलो. आमचा प्रश्न वेगळा आहे. ‘याने गुण येतो’ असं म्हटलं जातं, तेव्हा पुरावा कोणी द्यायचा?

सुरुवात ॲरिस्टॉटलपासून करू. माशी एका फेरीत एकाच जातीच्या फुलांवर जाते, हे त्याने नोंदवून ठेवलं. पण पायावरची गोळी कशासाठी, यावर घोळ राहिला. अठराव्या शतकातही पुष्कळ विद्वान तिला मेणाचा कच्चा माल समजत. जिनिव्हाचे फ्रांस्वा ह्यूबर अंध होते, दुसऱ्यांच्या डोळ्यांनी निरीक्षण करत. त्यांनी काही माश्या नुसत्या मधावर ठेवल्या, काही नुसत्या परागावर. मेण केलं ते मध खाणाऱ्यांनी! पराग हे पोळ्यातल्या अळ्यांचं अन्न ठरलं. म्हणजे पराग पौष्टिक आहे, यात वाद नाही. पण कोणासाठी पौष्टिक, हे सांगायचं सोडून दिलं की त्या विधानाची जाहिरात होते.

याच परागाने माणूस आजारीही पडतो. मँचेस्टरचे डॉ. चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून गवताच्या परागामुळे शिंका आणि नाक गळणं सुरू होतं, हे 1873 मध्ये पुस्तकरूपाने मांडलं. 1911 मध्ये लंडनच्या लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागाचा अर्क मोजून टोचण्याचा उपचार प्रसिद्ध केला. यावरून लोकांनी तर्क केला: मग रोज चमचाभर पराग खाल्ला तर ॲलर्जी जाईल! पण गवताचे पराग वाऱ्यावर उडतात. माश्या गोळा करतात ते मुख्यतः फुलांचे जड, चिकट पराग. शिवाय नून यांची मात्रा मोजलेली होती. चमच्यात काय आणि किती, हे फुलागणिक बदलतं.

आता अमेरिकेत येऊ, कारण पुराव्याचा प्रश्न तिथे थेट कायद्यात आला. 1992 मध्ये ॲरिझोनातल्या एका परागविक्रेत्या कंपनीला खोट्या दाव्यांच्या प्रकरणात दोन लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली. पुढच्याच वर्षी सिनेटर टॉम हार्किन यांनी जाहीरपणे सांगितलं, की परागाच्या गोळ्यांनी आपली ॲलर्जी गेली. त्यांच्या प्रामाणिकपणावर आम्ही शंका घेत नाही. परंतु ऋतू पालटला तरी शिंका थांबतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली नसेल कशावरून? आमचे नैयायिक याला काकतालीय न्याय म्हणत.

ऑरिन हॅच आणि याच हार्किन यांच्या पुढाकाराने 1994 चा पूरक आहाराचा कायदा झाला. माल विकण्यापूर्वी गुण सिद्ध करायची गरज उरली नाही. माल घातक आहे, हे मात्र सरकारने सिद्ध करायचं. पारडंच फिरलं, नाही का? हा कायदा जनावरांच्या खाद्याला लागू नाही, असं तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने 1996 मध्ये स्पष्ट केलं. तरी पाळीव प्राण्यांसाठीचा बाजार वाढलाच.

इथे एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: ‘कुत्रा काही मनाने बरा होत नाही, त्याला गुण आला म्हणजे औषध खरं.’ बरोबर, पण गुण आला हे सांगतो कोण? मालक! संधिवाताने लंगडणाऱ्या कुत्र्यांवरचा एक अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नुसती औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी दिली होती, त्यांच्यातही मालकांना आणि पशुवैद्यांनाही सुधारणा दिसली. पाय किती जोराने टेकतो हे मोजणाऱ्या यंत्राला ती दिसली नाही. मुक्या प्राण्याच्या वतीने आपली आशाच साक्ष देते.

हा काही नुसता तर्कशास्त्राचा खेळ नाही. ॲलर्जी आहे म्हणून जो माणूस ही गोळी विकत घेतो, त्यालाच तिचा धोका सर्वांत जास्त. पराग खाऊन घसा सुजल्याच्या, जीव धोक्यात आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तिथे विक्रेत्याने पुरावा दिलेला नसतो, सरकारने मागितलेला नसतो. उरतो तो आपण. निदान आपण तरी तो मागावा.