पाणबुडी शहाणी कशी झाली

मुंबईच्या उपनगरांतील नाहूर या वस्तीच्या पूर्वेस, खाडीच्या अंगाला, मिठागरें आणि पाणथळ जागा आहेत. अशा पाणथळ जागीं टिबुकली नांवाचा एक इवलासा पक्षी आढळतो. कोणी जवळ आलें कीं तो मुकाट्यानें बुडी घेतो, आणि पाहणारा जेथें टक लावून बसलेला असतो तेथें न निघतां भलत्याच ठिकाणीं डोकें वर काढतो. पाणबुडी या युद्धनौकेचें सारें युद्धशास्त्र या पक्ष्याला उपजतच अवगत आहे. मनुष्याला मात्र ती विद्या शिकावी लागली, आणि तिची गुरुदक्षिणा फार जबर पडली. त्या शिकवणीचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं ब्रिटिश आरमार जगांत सर्वांत बलाढ्य होतें. ज्याच्याजवळ मोठमोठ्या लढाऊ जहाजांचे तांडे आहेत, त्याला लपून मारणारी नौका कशाला आवडेल? पण फ्रान्स व अमेरिका या देशांनीं पाणबुड्या जवळ केल्या, तेव्हां इंग्रजांनाहि ती विद्या शिकणें भाग पडलें. जॉन हॉलंड हा मूळचा आयरिश शाळामास्तर अमेरिकेंत जाऊन स्थायिक झाला होता. त्याच्या आराखड्यावरून बॅरो येथील व्हिकर्सच्या कारखान्यांत पांच नौका बांधण्याचें ठरलें, आणि २ ऑक्टोबर १९०१ रोजीं पहिली नौका पाण्यांत उतरली. लांबी अवघी ६४ फूट, आंत माणसें आठ, आणि तोंडाशीं पाणतीर सोडण्याची एक नळी. एवढाच तो संसार!

तिची रचना समजण्यास कठीण नाहीं. टाक्यांत समुद्राचें पाणी घेतलें कीं नौका जड होऊन खालीं जाते. दाबून भरलेली हवा सोडून तें पाणी बाहेर लोटलें कीं ती वर येते. एंजिनाला हवा लागते, तें पाण्याखालीं चालत नाहीं. म्हणून तेथें बॅटरीवर चालणारी विजेची मोटर. वर आल्यावर एंजिन चालवावयाचें आणि बॅटरी पुन्हा भरून घ्यावयाची. कागदावर हें सारें सोपें होतें. परंतु तें एंजिन होतें पेट्रोलचें, आणि पेट्रोलची वाफ कोंडलेल्या जागेंत सांचली म्हणजे एक ठिणगी पुरे. शिवाय त्या वाफेनें माणसाला भोंवळ येई. म्हणून खलाशी आंत पांढरे उंदीर बाळगीत. उंदीर मलूल झाला कीं समजावें, हवा बिघडली.

यानंतर ‘ए’ वर्गाच्या नौका आल्या आणि खरे धडे सुरू झाले. १८ मार्च १९०४ रोजीं पोर्टस्मथजवळ ए-१ ही नौका सरावांत गुंतली होती. पाण्याखालून ती एका क्रूझरचा माग काढीत असतां ‘बर्विक कॅसल’ नांवाचें प्रवासी जहाज तिच्यावरून गेलें. वरचा मनोरा फुटला, पाणी आंत घुसलें आणि अकराहि जण प्राणांस मुकले. त्यानंतरच्या नौकांत मनोऱ्याच्या तळाशीं दुसरें जलबंद झांकण बसविण्यांत आलें. मनोरा गेला तरी नौका वांचावी, हा हेतु. १६ फेब्रुवारी १९०५ रोजीं आयर्लंडमधील क्वीन्सटाउन बंदरांत ए-५ मध्यें पेट्रोलच्या वाफेचा स्फोट होऊन सहा माणसें दगावलीं. त्याच वर्षीं ८ जून रोजीं प्लिमथजवळ ए-८ ही नौका पाण्यावरून चालली असतां एकाएकीं नाक खालीं करून बुडाली. चौघे वांचले, पंधरा गेले.

या अपघातांनीं दाखविलेल्या उणिवा १९०८ सालीं पाण्यांत उतरलेल्या डी-१ या नौकेंत पुष्कळशा भरून काढलेल्या दिसतात. पेट्रोल जाऊन डिझेल आलें. तें पेट्रोलसारखें सहजासहजीं भडकत नाहीं. टाक्या पोटांतून काढून दोन्ही कुशींस बाहेरून बसविल्या, त्यामुळें आंत जागा झाली आणि नौका पाण्यावर अधिक खात्रीनें तरंगूं लागली. पुढच्या ‘ई’ वर्गांत आडव्या जलबंद भिंती आल्या. या नौका सुमारें १८१ फूट लांब असत, त्यांवर तीसएक माणसें असत, आणि पाण्यावर त्या ताशीं १५ सागरी मैल धांवत. हॉलंडच्या आठ माणसांच्या नौकेपासून येथवर यावयास दहा-बारा वर्षें लागलीं.

परीक्षेचा दिवस पहिल्या महायुद्धांत उगवला. नवल असें कीं पहिला मान जुन्या, पेट्रोलवर चालणाऱ्या बी-११ या नौकेला मिळाला. १३ डिसेंबर १९१४ रोजीं लेफ्टनंट नॉर्मन होलब्रुक यानें दार्दानेल्सच्या अरुंद सामुद्रधुनींत, पाणसुरुंगांच्या पांच रांगांखालून ती नेली आणि ‘मेसुदिये’ ही तुर्की युद्धनौका बुडविली. परततांना एकंदर नऊ तास पाण्याखालीं काढावे लागले. पाणबुडीवरील माणसाला मिळालेला पहिला व्हिक्टोरिया क्रॉस तो हाच. १९१५ च्या मे महिन्यांत मार्टिन नेस्मिथ याची ई-११ थेट इस्तंबूलच्या बंदरापर्यंत पोंचली. पाणतीर मोजकेच, म्हणून चुकलेला पाणतीर बुडून न जातां तरंगत राहील अशी त्यानें व्यवस्था केली होती. मग तो स्वतः पाण्यांत उतरून त्याच्या नाकावरची स्फोटाची कळ काढी आणि तोच पाणतीर पुन्हा वापरी! परंतु या पराक्रमाचा जमाखर्च विसरतां येत नाहीं. ‘ई’ वर्गाच्या पन्नासाहून अधिक नौकांपैकीं जवळजवळ निम्म्या नष्ट झाल्या.

हें सारें दूरदेशचें झालें. पण ती शिकवणी आपल्या मुंबईपर्यंतहि येऊन पोंचली आहे. भारतीय नौदलाची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजीं सोव्हिएत रशियाकडून मिळाली. आणि भारतांत बांधलेली पहिली पाणबुडी ‘शल्की’ माझगांवच्या गोदींत तयार होऊन १९९२ सालीं दाखल झाली. जर्मन आराखड्याच्या या नौकेंत एक भक्कम गोल बसविलेला आहे. नौका बुडाली तर साऱ्या खलाशांनीं त्यांत शिरावें आणि त्यानें त्यांना पृष्ठभागावर आणावें. ए-१ च्या तळच्या झांकणामागें जी कळकळ होती, तीच येथें अधिक मोठी होऊन आली आहे. तरीहि धडे संपले असें म्हणवत नाहीं. १४ ऑगस्ट २०१३ रोजीं मुंबईच्याच नौदल गोदींत ‘सिंधुरक्षक’वर स्फोट झाले आणि अठरा नौसैनिक गेले. ए-५ प्रमाणेंच तीहि बंदरांत, शांततेच्या काळांत उभी होती.

२८ सप्टेंबर २०१९ रोजीं माझगांवची ‘खांदेरी’ नौदलांत दाखल झाली. अलिबागजवळच्या समुद्रांतील खांदेरी बेटाचें तें नांव. १६७९ सालीं शिवाजी महाराजांनीं त्या बेटावर तटबंदी उभारण्यास घेतली, तेव्हां मुंबईच्या इंग्रजांनीं जहाजें पाठवून वाट अडविली. परंतु मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या काळोखांत त्यांना चुकवून रसद पोंचवीत राहिल्या. बड्या जहाजाची नजर चुकविण्याची कला आमच्या किनाऱ्याला तेव्हांहि ठाऊक होती. आजची ‘खांदेरी’ मोठी आणि शहाणी आहे. तत्त्व मात्र डी-१ चेंच, हवा मिळाली कीं डिझेल आणि खोल पाण्यांत बॅटरी.

टिबुकली बुडाली कीं आपण नकळत श्वास रोखून ती कोठें वर येते तें पाहत राहतों. पाणबुडीवर गेलेल्या माणसांच्या घरीं हें पाहणें काठावरच्या क्षणभराचें नसतें. तें आठवडे चालतें. तीं माणसें परत यावींत यासाठीं जें जें झांकण, जी जी भिंत बसविली गेली, तिच्यामागें कोणी तरी परत न आलेला आहे, एवढें आपण ध्यानांत ठेवावें.