विषाणू किती, की किती काळ?

शरीरात रोगजंतू जितके जास्त तितका धोका मोठा, असे आपण सहज धरून चालतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या, म्हणजे बायाबापड्या ज्याला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात त्याच्या बाबतीत या समजुतीची चांगलीच परीक्षा झाली.

इटलीतील व्हेरोना येथील डॉक्टर रिगोनी-स्टर्न यांनी १७६० ते १८३९ या काळातील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत बराच, तर ख्रिस्ती जोगिणींमध्ये क्वचितच आढळत होता. हे निरीक्षण त्यांनी १८४२ साली मांडले. शरीरसंबंधातून पसरणारे काहीतरी या रोगामागे असावे, या विचाराचा उगम पुढे याच निरीक्षणात शोधला गेला. विसाव्या शतकात आधी हर्पिस विषाणूवर संशय घेतला गेला. पण जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना गाठींमध्ये त्याचा डीएनए सापडेना. त्यांनी चामखिळीच्या विषाणूंच्या कुळाकडे, एचपीव्हीकडे लक्ष वळवले. १९८३ साली त्यांच्या गटाला या कुळातील १६ क्रमांकाचा, तर १९८४ साली १८ क्रमांकाचा प्रकार सापडला. २००८ साली त्यांना या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

गुन्हेगार सापडला, पण नवे कोडे उभे राहिले. एचपीव्हीचा संसर्ग अगदी सर्रास होतो आणि बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. मग कर्करोग नेमका कोणाला होईल? विषाणूंची संख्या, म्हणजे ‘विषाणुभार’, मोजून हे सांगता येईल का?

स्वीडनमधील उप्साला परगण्यात १९६९ ते १९९५ या काळात तपासणीसाठी घेतलेल्या नमुन्यांच्या काचपट्ट्या जपून ठेवलेल्या होत्या. संशोधकांनी त्यांतून डीएनए काढून १६ क्रमांकाच्या विषाणूचा भार मोजला. पुढे कर्करोगाची अगदी सुरुवातीची, आत न पसरलेली अवस्था आढळलेल्या स्त्रियांची तुलना निरोगी स्त्रियांशी केली. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या स्त्रियांत निदानापूर्वी १३ वर्षांपर्यंत मागे गेले तरी विषाणुभार जास्त दिसत होता. भाकिताचे साधन हाती आले, असे अनेकांना वाटले.

पण २००२ साली अमेरिकेतील पोर्टलंडच्या वीस हजारांवर स्त्रियांचा दहा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. संसर्ग असलेल्या स्त्रियांना धोका निश्चितच जास्त होता. मात्र त्यांच्यात भार जास्त म्हणून धोका आणखी वाढलेला दिसला नाही. या चाचणीत अनेक प्रकारांचे विषाणू एकत्रच मोजले जात होते.

हा विरोधाभास समजण्यासाठी विषाणूचे वागणे पाहू. सौम्य, बहुधा बऱ्या होणाऱ्या संसर्गात तो पेशींत भराभर आपल्या प्रती काढतो. भार मोठा दिसतो. कर्करोगाकडे वाटचाल होताना मात्र पुष्कळदा त्याचा डीएनए पेशीच्या गुणसूत्रात जाऊन बसतो आणि नवे विषाणू तयार होणे थांबते. तरी ‘ई६’ व ‘ई७’ ही त्याची दोन जनुके चालूच राहतात. त्यांची प्रथिने पेशीविभाजनाला लगाम घालणारी यंत्रणा निकामी करतात. प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून मिळवलेल्या ‘कास्की’ पेशीत या विषाणूच्या सुमारे ६०० प्रती असतात, तर ‘सिहा’ पेशीत एक-दोनच. दोन्ही पेशी कर्करोगाच्याच! म्हणून विषाणू कोणत्या प्रकारचा आणि तो किती काळ टिकून राहिला, हे एकदाच मोजलेल्या भारापेक्षा अधिक भरवशाचे ठरते.

याचा व्यवहारातला अर्थ आपल्याच महाराष्ट्रात दिसला. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. निष्कर्ष २००९ साली आले. एका गटाची एचपीव्ही चाचणी एकदाच केली. विषाणूचा डीएनए ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त आहे की नाही, एवढेच पाहिले आणि दोष आढळलेल्यांवर उपचार केले. आठ वर्षांत या गटात या कर्करोगाने ३४, तर चाचणी न झालेल्या, आकाराने थोड्या लहान गटात ६४ मृत्यू झाले.

चाचणीत विषाणू आढळणे म्हणजे कर्करोग नव्हे. पुढची तपासणी करून घ्यायला हवी, एवढाच त्याचा अर्थ. वरच्या वर्गांतील मुला-मुलींना हे समजावून सांगितले, तर ते घरी आईपर्यंत नक्की पोचेल.