पाटापुरती जागा

दिवाळीची साफसफाई निघाली, की आमच्या वाशीच्या वसाहतीत मजल्यामजल्यावरून एकच आवाज येऊ लागतो. तो फरशीवरून कपाट सरकवल्याचा! सोफा खिडकीखाली बरा की भिंतीशी, टीव्ही या कोपऱ्यात की त्या, यावर घरोघर वाद रंगतात. खोली तेवढीच, सामान तेच. पण जागा बदलली की चार दिवस घर नवे वाटते. भिंती काही सरकत नाहीत, म्हणून आपण सामान सरकवतो. या सरकवासरकवीला इतिहास आहे, आणि तो मोठा मौजेचा आहे.

आपल्या जुन्या वाड्यांत सामान हलवण्याचा असा मुहूर्त लागत नसे, कारण ते रोजच हलत असे. पहाटे अंथरुणांच्या वळकट्या झाल्या, की माजघर मोकळे. दुपारी तिथेच पाट मांडून पंगत बसायची. पंगत उठून शेणगोळा फिरला, की बायकांचे निवडणे-टिपणे सुरू. रात्री पुन्हा अंथरुणे. एकच खोली दिवसातून चारदा नवी होई! श्रीमंतांचीही तीच तऱ्हा. सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबारात १७९० साली इंग्रजांचा वकील मॅलेट याने तह केला. त्या प्रसंगाचे थॉमस डॅनियलने १८०५ साली पुरे केलेले चित्र प्रसिद्ध आहे. त्यात पेशवे गादीवर आहेत आणि मंडळी बिछायतीवर. एवढ्या मोठ्या राज्याचा कारभार, पण बैठक गुंडाळून ठेवता येईल अशी!

मग हे जड सामान आले कुठून? शब्दच सांगतात. खुर्ची अरबीतून आली, टेबल इंग्रजीतून. दिवाण हा शब्द फारसी. एकेकाळी त्याचा अर्थ राज्याचा कारभारी असा होता, आज त्याच्या पोटात आपण जादा गाद्या कोंबतो. 'कपाट' मात्र संस्कृत, आणि त्याचा मूळ अर्थ दाराची फळी. वाड्याच्या जाडजूड भिंतीत फडताळे आणि कोनाडे असत. फडताळाला फळ्या लावल्या, की झाले कपाट. सामान भिंतीच्या पोटात राही. शहरात भिंती पातळ झाल्या, आणि भिंतीच्या पोटातले सामान खोलीत येऊन उभे राहिले. १९२३ साली गोदरेजने लोखंडी कपाटे करायला घेतली. पुढे असे कपाट लग्नात लेकीबरोबर जाऊ लागले. एकदा कोपऱ्यात उभे राहिले, की ते दिवाळीखेरीज हलायचे नाही.

त्याच सुमारास मुंबईत बी.डी.डी. चाळी उठत होत्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून दोनशेच्या वर इमारती, आणि खोली एकशे साठ चौरस फुटांची. गिरणगावातल्या गाळ्यांत तर कामगार पाळीपाळीने झोपत. रात्रपाळीचा गडी परते, तेव्हा दिवसपाळीचा उठून गेलेला असे. पण तिथेही प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक, कपड्यांची दोरी आणि अंथरुणाची पट्टी ठरलेली. सामान हलत होते. माणसाची जागा मात्र पक्की होती. वाड्यातही ओसरीवरची आजोबांची जागा कुणी घेत नसे.

खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकातून मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली, १९७३ साली खाडीवरचा पूल खुला झाला, आणि १९९२ साली वाशीला लोकल आली. टेंपोत ट्रंका आणि वळकट्या घालून चाळकरी पूल ओलांडून आले. नव्या घरात ते सामान केविलवाणे दिसू लागले. मग सोफा आला, डबलबेड आला. माणसे कडेकडेने चालायला शिकली.

माझ्या सासूबाई नायगावच्या चाळीत वाढलेल्या. आमच्या दहा बाय चौदाच्या बाहेरच्या खोलीत त्या सोफा-कम-बेडवर निजत. मागल्या दिवाळीत सोफा कुठे ठेवावा याची चर्चा रंगली असता त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, सोफा कुठंही ठेवा. मला दहाला झोप येते, आणि माझं अंथरूण साडेअकराला रिकामं होतं."

आमचे 'हे' आणि मी एकमेकांकडे पाहत राहिलो. चाळीत आठ माणसांत ज्यांची जागा पक्की होती, त्यांना चार माणसांच्या घरात निजण्यासाठी बातम्या संपण्याची वाट पाहावी लागत होती! सोफा गेला. खिडकीलगत एक अरुंद दिवाण आला, तो फक्त त्यांचा. टीव्ही आत गेला. पाहुण्यांना सतरंजी आणि दोन लोड. पहिल्या दिवशी पाहुणे बिचकले. दुसऱ्या दिवशी मांडी ठोकून चकल्या फस्त करू लागले.

मी मॅट्रिक झालेली, बालवाडीची बाई. वास्तुशास्त्र मला ठाऊक नाही. पण कोरियांनी बेलापूरला १९८० नंतरच्या वर्षांत उभारलेले आर्टिस्ट्स व्हिलेज मी पाहिले आहे. सात-सात घरांमध्ये मिळून एक आठ मीटर चौरस अंगण आहे. घर लहान असले तरी अंगण जोडीला येते; आणि अंगणात कपाट कोण ठेवणार? ती मोकळी जमीन मुलांची, वाळवणाची, गप्पांची. पूर्वी सामान हलायचे आणि माणसाची जागा ठरलेली असायची. आता सामान ठाण मांडते आणि माणसे जागा शोधत फिरतात, एवढाच काय तो फरक मला या इतिहासात दिसतो.

वरळीच्या काही चाळकऱ्यांना २०२५ साली पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तिथेही आता सोफ्याची जागा ठरत असेल. ती ठरवताना भाऊबिजेचा पाट आठवावा. वाड्यातल्या सामानापैकी आपल्याकडे उरलेला तोच. पाट, भोवती रांगोळी, समोर ओवाळणारी बहीण, आणि बाजूला घरातल्या वडीलधाऱ्यांना बसायला जागा. एवढी जमीन आधी मोकळी सोडावी, आणि मग कपाटाला हात घालावा.