व्हर्गलची श्रमपत्रे : पूरक चलनाच्या स्थैर्याचा एक विचार

राज्यसंस्थेच्या अधिकृत चलनाच्या जोडीने, परंतु त्याची जागा न घेता, मर्यादित प्रदेशात वा मर्यादित समूहात व्यवहाराचे साधन म्हणून जे द्रव्य वापरले जाते, त्यास पूरक चलन म्हणता येईल. अशा चलनांच्या इतिहासात ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतातील व्हर्गल ह्या लहानशा नगराचे नाव वारंवार घेतले जाते. परंतु तेथील यशाचे श्रेय नेमके कशास द्यावयाचे, ह्या प्रश्नाची छाननी मात्र क्वचितच होते.

मे १९३१ मध्ये व्हिएन्नाची क्रेडिटआन्स्टाल्ट ही बँक कोसळली आणि मध्य युरोपातील पतव्यवस्था हादरली. किमती घसरत होत्या. ज्यांच्यापाशी पैसा होता ते तो हातचा सोडीत नव्हते. कारखाने मंदावल्यामुळे व्हर्गलमध्ये बेकारी वाढली, नागरिकांचे कर थकले आणि करच न आल्यामुळे नगरपालिकेस कामे काढता येईनात. करावयास कामे होती, ती करणारे हात होते. दोहोंना जोडणारे द्रव्य तेवढे नव्हते. रेल्वेतील नोकरीतून पुढे आलेले तेथील नगराध्यक्ष मिखाएल उंटरगुगेनबर्गर ह्यांनी ह्या कोंडीवर उपाय शोधला तो सिल्व्हिओ गेझेल ह्या विचारवंताच्या लेखनात. सर्व वस्तू काळाबरोबर झिजतात, द्रव्य मात्र झिजत नाही. म्हणून द्रव्य साठविणारा हा वस्तू विकणाऱ्याहून नेहमी बलवान ठरतो, असे गेझेलचे प्रतिपादन होते. द्रव्यासही झीज लावावी, हा त्याने १९१६ च्या आपल्या प्रमुख ग्रंथात मांडलेला उपाय होय.

जुलै १९३२ च्या अखेरीस नगरपालिकेने १, ५ व १० शिलिंगांची श्रमपत्रे व्यवहारात आणली. दर महिन्यास दर्शनी मूल्याच्या एक टक्का किमतीचे तिकीट चिकटविल्याखेरीज पत्राचे पूर्ण मूल्य टिकत नसे. पत्रांच्या पाठीशी तेवढ्याच रकमेचे अधिकृत शिलिंग स्थानिक पतपेढीत ठेवले होते आणि दोन टक्के वजावट सोसून कोणासही पत्रे बदलून घेता येत. एकूण ३२,००० शिलिंगांची पत्रे काढण्यास संमती होती; प्रत्यक्षात एका वेळी सरासरीने साडेपाच हजार शिलिंगांच्या आसपासच पत्रे फिरत राहिली. तेवढ्या अल्प रकमेवर रस्ते सुधारले गेले, पूल उभा राहिला आणि बेकारांस मजुरी मिळाली.

गेझेलच्या अनुयायांनी ह्या यशाचे श्रेय झिजेच्या आकारास दिले. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर ह्यांनीही १९३३ साली तिकिटी द्रव्यावर स्वतंत्र पुस्तक लिहून ह्या कल्पनेचा पुरस्कार केला. झिजेमुळे पत्र हातात ठेवणे तोट्याचे होते, ह्यात संशय नाही. परंतु ते स्वीकारणे लाभाचे का वाटावे, ह्याचे उत्तर त्या आकारात मिळत नाही. ते नगरपालिकेच्या करवसुलीत आहे. मजुराकडून पत्र दुकानदाराकडे जाई. दुकानदार ते दोन टक्के गमावून बदलण्यापेक्षा आपल्या थकलेल्या करापोटी पूर्ण मूल्याने भरी. आणि पालिका तेच पत्र पुन्हा मजुरीत देई. सार्वजनिक देण्यापोटी होणारा हा निश्चित स्वीकार हाच ह्या चलनाचा खरा आधार होता. झिजेने त्याच्या फेऱ्यांस गती दिली, एवढेच.

हे मान्य केल्यास प्रयोगाची मर्यादाही स्पष्ट होते. थकबाकी ही एकदाच वसूल होणारी गोष्ट होय. ती संपल्यावर हा वेग कितपत टिकला असता, हे व्हर्गलच्या अनुभवावरून ठरविता येत नाही. कारण तेवढा अवधीच मिळाला नाही. शेजारच्या गावांत अनुकरण होऊ लागताच ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय बँकेने चलन काढण्याच्या आपल्या अनन्य अधिकाराकडे बोट दाखविले आणि सप्टेंबर १९३३ मध्ये, जेमतेम साडेतेरा महिन्यांनी, श्रमपत्रे बंद झाली.

ह्याच गेझेलप्रणीत विचारातून निघालेल्या दुसऱ्या एका संस्थेचा इतिहास येथे ताडून पाहणे उद्बोधक ठरते. वेर्नर झिमरमन व पाउल एन्त्स ह्यांच्या पुढाकाराने १९३४ साली झुरिक येथे व्हिर ही व्यापाऱ्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. तिचे चलन म्हणजे सभासदांच्या खात्यांवरील परस्पर जमाखर्च. त्याचे मूल्य स्विस फ्रँकइतके मानलेले, परंतु ते फ्रँकमध्ये बदलून मिळत नसे. संस्थेने १९३६ मध्ये बँकेचा परवाना घेतला, कर्जास तारण मागितले आणि १९५२ पर्यंत झिजेच्या तत्त्वाचा त्याग केला. ज्या तत्त्वासाठी व्हर्गलची कीर्ती झाली ते सोडूनही ही संस्था एकविसाव्या शतकात पोहोचली. जेम्स स्टॉडर ह्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मंदीच्या काळी व्हिरचे व्यवहार वाढतात व तेजीत मंदावतात, असा निष्कर्ष काढला आहे. अधिकृत द्रव्य दुर्मिळ होते तेव्हा लहान व्यावसायिकांस ह्या दुसऱ्या साधनाचा आश्रय मिळतो, असा त्याचा अर्थ.

ह्या दोन उदाहरणांवरून एवढे म्हणता येते की, पूरक चलनाचे स्थैर्य त्याच्या तांत्रिक रचनेपेक्षा ते कोण, कोणत्या देण्यापोटी स्वीकारण्यास बांधलेला आहे ह्यावर, आणि राज्याच्या कायद्याशी त्याचा मेळ बसतो की नाही ह्यावर अवलंबून असते. व्हर्गलपाशी पहिली गोष्ट होती, दुसरी नव्हती. व्हिरने दोन्ही साधल्या. परंतु दुसरी साधताना तिला नगराच्या बेकार मजुरापासून दूर जावे लागले, हेही विसरता येत नाही. टिकलेली संस्था तारण देऊ शकणाऱ्यांची होती. ज्याच्यापाशी श्रमाखेरीज काही नव्हते, त्याच्यासाठी निघालेले चलन साडेतेरा महिन्यांत संपले. पूरक चलनांच्या सामाजिक उपयुक्ततेचा विचार करताना केवळ आयुर्मान हा निकष अपुरा पडतो तो ह्यामुळेच.