कुडाचं घर, विटांचं घर

आमच्या गंजाडला पूर्वी घर दुरुस्त करायला पैसा लागत नसे, माणसं लागत. कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचं लिंपण. पावसानं भिंत खाल्ली की जंगलातून कारवी आणायची, पाड्यानं हात लावायचा, घरधन्यानं जेवू घालायचं. जिव्या सोमा मशे यांची चित्रं जगभर गेली, ती अशाच लिंपलेल्या भिंतींवरून.

पुढे विटा आल्या. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले. कूड हलतो, वाकतो, वीट तडकते. तडा बुजवायचा तर सिमेंट, रेती, गवंड्याची मजुरी, सगळं रोख. किनाऱ्यावरच्या बागायतदाराला ते झेपतं. पाड्यावरचा माणूस मात्र त्यासाठी वीटभट्टीवर जातो, दुसऱ्यांच्या घरांच्या विटा पाडायला.